कुंडाकाठच्या चपला

डब्लिन, ओहायो
१६ जून २०२४

ती. मालिनीआत्यास,
देवयानीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन यलोस्टोन पार्कात गेलो होतो. सकाळी लांबून अस्वल दिसलं, बाबा खूश. दुपारी उकळत्या झऱ्यांकडे गेलो. तिथे जमीन म्हणजे नुसती पापडी, खाली उकळतं पाणी. लाकडी वाट सोडायची नाही. मी इलाला पाणी पाजेपर्यंत बाबा पुढे गेले. वाफेत काही दिसेना. जरा पुढे एका कुंडापाशी, वाटेच्या कडेला त्यांच्या चपला नीट काढून ठेवलेल्या. बाबा कुठेच नाहीत.

आत्या, आई गेल्यापासून ते किती गप्प झालेत, तुला ठाऊक आहे. माझ्या मनात नको ते आलं. इलाला कडेवर घेऊन घसा बसेपर्यंत हाका मारल्या. पाण्यात बघायचा धीर होईना. बऱ्याच वेळाने ते वाफेतून अनवाणी आले. कुंड दिसलं म्हणून चपला काढल्या म्हणाले. हाका ऐकूच आल्या नाहीत म्हणे. कान तर माझ्याहून तिखट आहेत त्यांचे.

खोटं बोलले, याचीच जास्त भीती वाटते. दिवसभर घरी एकटे असतात. त्यांना लवकर परत पाठवावं म्हणून तिकीट बघतेय. चुकतंय का माझं?

तुझी घाबरलेली
देवयानी

वसई
३ जुलै २०२४

चि. देवयानीस अ. उ. आ.

तुझ्या पाठोपाठ दादाचंही पत्र आलं. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय, ती मोडते.

चपला घालून वज्रेश्वरीच्या कुंडापाशी गेलं की आम्हाला आईचा धपाटा बसे. ती सवय अजून गेली नाही. पुढे वळणावर तुमचा तो बायसन, म्हणजे चांगला गव्याएवढा, वाटेतच उभा. दादा जागीच खिळला. तुझी एकेक हाक त्याला ऐकू येत होती. पण ओ दिली असती तर तू पोरीला घेऊन थेट त्या जनावरापुढे आली असतीस. म्हणून तोंडावर हात दाबून तो तुझं रडणं ऐकत राहिला, वेडा कुठला. खरं सांगितलं तर पुन्हा कुठे नेणार नाहीस, म्हणून खोटं बोलला.

तिकिटाचं तू बघ. पण हे वाचून मी रडले: वहिनी गेल्यापासून त्याला मरणाचं काहीच वाटत नव्हतं. त्या दिवशी मात्र फार भीती वाटली, असं त्याने लिहिलंय.

इलाला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मालिनीआत्या