दिसते ती डिस्क जुनी आहे

क्रिसांतो,

संगणक मी बंद केला आहे. मी परत येईपर्यंत त्याला हात लावू नयेस.

"नानाय, पडद्यावर एकच डिस्क दिसतेय, म्हणजे तीच नवी. आंघोळ करून येतो नि ती पुसून वापरायला तयार करतो," असे आपल्या आईला सांगून तू आंघोळीला गेलास. मी तुझ्या मावसबहिणीला, लिगायाला, फोन केला. ती ओरडलीच, "तीता मावशी, दिसतेय ती जुनी! ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर चढवल्याशिवाय नवी दिसायचीच नाही. आमच्या इंजिनियरसाहेबांना म्हणावं, बटण दाबण्याआधी डोळे उघडा!"

तुझे वडील जहाजावरून पत्रांऐवजी कॅसेटी पाठवीत. त्या साऱ्या एका वादळाच्या पुरात गेल्या. आधी उतरवून घेतलेला त्यांचा आवाज आता केवळ त्या जुन्या डिस्कवर उरला आहे, हे तुला ठाऊक असूनही तू खात्री करून घेतली नाहीस. संगणकाची पेटी उघडीच होती. ती डिस्क मी काढून घेतली आहे. माझ्या पर्समध्ये जपमाळेशेजारी आहे.

ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह आणण्यासाठी मी लिगायाकडे जात आहे. कोंबडीचा तिनोला झाकून ठेवला आहे, गरम करून जेव.

नवी डिस्क पडद्यावर मी स्वतः पाहीन, मगच पुढचे. एकाच माणसासाठी दोनदा विधवा होण्याचे बळ माझ्यात नाही.

नानाय