माझ्या रक्ताचा आकडा माझ्यापासून लपवणाऱ्यांसाठी

मी, सत्यवती चंद्रभान खेरडे, वय ६८, राहणार शेंदूरजनाघाट, तालुका वरुड, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तोही शुद्धीतला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मला हृदय कमजोर होण्याचा जुना आजार आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये चालताना दम लागू लागला, पाय सुजले. मुलगा देवानंद मला अमरावतीला घेऊन गेला. तिथे हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी झाली. जो आकडा शेकड्यांत हवा, तो ५८६० निघाला. देवानंद एकटाच डॉक्टरांशी बोलून बाहेर आला आणि म्हणाला, "काही नाही आई, बीपी हाय जरासा."

२. बीपीच आहे असे समजून २०२३ च्या अधिक मासात मी गोळ्या सोडून उपवास केले. पुढच्या उन्हाळ्यात लोणचे-पापड मनसोक्त खाल्ले. दोन्ही वेळा फुफ्फुसांत पाणी भरून दवाखान्यात पडले. दुसऱ्या वेळी आकडा नऊ हजारांवर गेला. गोळी चुकवणे आणि मीठ खाणे माझ्या जिवावर बेतू शकते, हे घरात मी सोडून सर्वांना ठाऊक होते.

३. संत्र्याची साडेतीन एकर बाग मला वडिलांनी बक्षीसपत्राने दिली असून ती माझ्या एकटीच्या नावे आहे. या मार्चमध्ये तिथे जमिनीचा एक दलाल आणि त्याचा माणूस टेपने माप घेताना दिसले. विचारले तर म्हणतात, "म्हाताऱ्या आईच्या मांगं लेआउट पडनार हाय ना इथं, प्लॉट विकाले. देवानंदभाऊनंच बोलावलं."

घरी येऊन सून हर्षाला समोर बसवले. ती रडली. म्हणाली, "आई, डॉक्टरनं दोन-अडीच वर्षंच सांगतली होती. यायनं मले शपथ घातली." आणि उठून तिने सगळी फाईल माझ्या मांडीवर ठेवली.

देवानंदला विचारले, "कावून लपवलं रे?"

"तुले टेन्शन येईन म्हणून."

"मरून कोन राह्यलं, मी का तू?"

माझे मरण त्याने दलालाला सांगितले, मला नाही. याला मी माया म्हणणार नाही.

४. फाईल घेऊन मी एकटी एसटीने वरुडला, डॉ. धम्मदीप गोंडाणे यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "मावशी, हा आकडा मरनाची तारीख नाही. हृदयावर ताण किती, ते रक्त सांगते. औषधानं आकडा खाली आला तर पुढचे दिवस बरे. नाही आला तर धोका जास्त." मीठ तोडले, एक गोळी चुकवली नाही. ऑक्टोबरमध्ये आकडा १९४० आला. आजार जाणार नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितले. मला भोवळ आली नाही. गेलेली अडीच वर्षे मात्र मला कोणी परत देणार नाही.

५. बाग हर्षाला द्यावी. तिने लपवले हे मी विसरले नाही, पण सांगितले ते तिनेच. ठेवावी की विकावी, सही तिची एकटीची.

६. राहते घर देवानंदला. तो माझा मुलगा आहे, त्याला उघड्यावर काढणार नाही.

७. सोन्याच्या पाटल्या नात आचलला. ती अकोल्याला नर्सिंग शिकते. पोरी, रिपोर्ट आधी रोग्याच्या हातात देत जा.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी रामराव आंडे यांनी करावी.

९. माझ्या शेवटच्या वेळी देवानंदने जवळ बसावे. मी त्याला हाकललेले नाही. पाणी पाजावे, पाय चेपावे. फक्त "बरी होशीन" म्हणू नये. ते मला ऐकवणार नाही.

मृत्युपत्र लिहिणार : सत्यवती चंद्रभान खेरडे (सही)

सत्यवतीबाईंनी आम्हा दोघांसमोर, शुद्धीत सही केली :
१. डॉ. धम्मदीप गोंडाणे, वरुड (सही)
२. रामराव आंडे, शेंदूरजनाघाट (सही)

स्थळ : शेंदूरजनाघाट
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५