हनुवटीवरचा एक केस

आई, तुला एक विचारायचं राहून गेलं. माझी लेक झाली तेव्हा मी बाळंतपणाला तुझ्याकडे नरपडला होते, आणि बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून तू तिला पिठाच्या गोळ्याने चोळायचीस. रोज चोळायचीस का? खरं सांग. मला आठवतं ते असं: चुलीजवळ तू पाय लांब करून बसली आहेस, पायांवर ती उघडी, तेलाने चकाकणारी, आणि तुझ्या हातात हळद-तेल घातलेल्या कणकेचा गोळा. तो तू तिच्या पाठीवरून फिरवतेस, मग कपाळावरून, आणि ओठांपाशी आलीस की ती असा टाहो फोडते की वाडीतले कावळे उडतात. पहिले काही दिवस तू नेटाने केलंस. मग एक दिवस तिच्या तोंडाकडे नुसती बघत बसलीस आणि गोळा दारातून कोंबड्यांना टाकून दिलास. कुंपणापलीकडून शेजारच्या काकींनी विचारलं, "रोज चोळतेस ना गो? पोरीची जात हाय." तू जागेवरूनच म्हणालीस, "चोळते तर!" तिकडे कोंबड्या पीठ टिपत होत्या. मी खाटेवरून सगळं बघत होते आणि टाके दुखत असूनही मला हसू आवरत नव्हतं.

तेव्हा विचारलं असतं तर तू नेहमीचंच म्हणाली असतीस, "तुझं तोंड प्रश्नांनीच भरलेलं, भात घालू कुठे?" खोड गेलेली नाही माझी. लेक तीन वर्षांची असताना तू गेलीस आणि तो गोळा मी विसरूनही गेले. पण ती आठवीत गेली आणि तो आमच्या तलासरीच्या घरात परत आला.

तिचा आवाज तुला आवडला असता. शाळेत परिपाठाला माइकवर बातम्या तीच वाचायची. आदल्या संध्याकाळी पेपर घेऊन ओट्याशी उभी राहायची, आणि मी भाकऱ्या थापता थापता देशोदेशीच्या बातम्या ऐकायची. ते एकदम बंद झालं. मला वाटलं, अभ्यास वाढला असेल. शाळेतून आली तरी तोंडाचा स्कार्फ सोडायची नाही, तेही मला खटकलं नाही, कारण हायवेची धूळ आणि ट्रकचा धूर खाऊन इथल्या सगळ्याच पोरी रिक्षात बसताना डोळ्यांखाली स्कार्फ बांधतात. बाकीच्या घरी येऊन सोडतात एवढाच फरक. एकदा ती स्कार्फ जरासा वर करून, खालून घास घेऊन जेवताना दिसली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. ती माइकपाशी उभी राहिली की मागच्या रांगेतली मुलं म्हणायची, "मिशीवाल्या बातम्या." बाईंना ऐकू जायचं नाही, पण तिला जायचं. म्हणाली, "मम्मी, मी आता शाळा सोडते, दहावीला बाहेरून बसते. घरी बसून अभ्यास करते." मी तिला दारात उजेडात नेलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. ओठावर काळसर लव होती, कानशिलापासून गालावर उतरलेली, हनुवटीच्या कडेला चार-पाच जाड केस. ती कधीपासून होती कोण जाणे. जे तोंड आपण रोज पुसलं, त्यावरचं आपल्याला दिसू नये याचं मला फार नवल वाटलं. आणि वाईटही वाटलं, कारण तिने हे सगळं एकटीने आरशात बघितलं होतं.

सासूबाईंचं निदान तयारच होतं. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "माहेरी बाळंतपण झालं ना! चोळलं नाय कोणी नीट. आमच्याकडं झालं असतं तर एक केस राहिला नसता." आई, मी ठणकावून सांगितलं, "माझ्या आईने रोज चोळलंय, मी समोर होते." तुझ्यासारखंच, जागेवरून न उठता. तुझे जावई बिचारे काही मदत करावी म्हणून म्हणाले, "माझं रेझर घेऊ दे की." त्यावर आम्ही दोघी सासू-सुना जन्मात पहिल्यांदा एका सुरात ओरडलो. मागाहून मी विचार करत बसले. हे रोज सकाळी गालाला फेस फासून आरशासमोर गाणी म्हणतात, तेव्हा त्याला दाढी म्हणतात आणि घरातलं कोणी मान खाली घालत नाही. तेच केस पोरीच्या ओठावर आले की शाळा सोडायची पाळी का येते?

मे महिन्याच्या सुट्टीत तिला मामाकडे नरपडला पाठवलं, म्हटलं जरा मन रमेल. तिथे तिने आणि मामेबहिणीने मिळून जे केलं ते चिकूच्या वाडीत वाढलेल्या पोरींनाच सुचावं. कच्च्या चिकूचा देठ तोडला की पांढरा चीक येतो, आम्ही तो वाळवून चघळायचो, तुला ठाऊक आहे. भाचीचं म्हणणं पडलं की पार्लरमध्ये चिकट काहीतरी लावून ओढतात, मग हे काय वेगळं? दोघींनी वाटीत चीक गोळा केला, बोटाने ओठावर जाड थर दिला, पंख्याखाली बसून वाळवला आणि एका टोकाला धरून ओढला. चीक रबरासारखा ताणला गेला आणि अर्ध्यात तुटला. तुटला तिथली कातडी घेऊन तुटला. केस होते तिथेच राहिले.

भावाचा फोन आला आणि मी मिळेल त्या बसने निघाले. पोचले तेव्हा ती मोरीत तोंड धुवून धुवून रडत होती आणि उरलेला चीक नखाने ओढत होती. मी तिचा हात धरला, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतंच. "ओढू नकोस. ओढलं की कातडी जाते, चीक राहतो."

तू हे मला म्हणाली होतीस. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तू वाडीत चिकू निवडायला बसायचीस, मोठे एका करंडीत, बारके दुसरीत, आणि मी मध्ये लुडबुड करायची. बोटांना चीक लागून बोटं एकमेकांना चिकटली आणि मी ती दातांनी सोडवायला गेले. तू माझ्या हातावर एक चापट मारलीस, हेच वाक्य बोललीस, आणि मग डब्यातून खोबरेल काढून एकेक बोट चोळत बसलीस. किती सावकाश करत होतीस! मजुरीच्या बायका पुढे निघून गेल्या होत्या, मुकादम बघत होता, आणि तू माझ्या करंगळीवर तेल जिरवत होतीस. माझ्या लक्षात चापट राहिली होती. तेल मात्र त्या मोरीत आठवलं. मी वहिनीकडून खोबरेल मागून घेतलं, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि कापसाने तिचा ओठ भिजवत राहिले. चीक हळूहळू सुटत गेला. ती डोळे मिटून म्हणाली, "तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "आजीने शिकवलं." "आजीलापण मिशी होती?" मी हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला.

कारण दुसऱ्या दिवशी डहाणूला डॉक्टर बाईंना ओठ दाखवायला नेलं, तर त्यांनीही तेच विचारलं. मलम लिहून दिलं, तिची पाळी नीट येते का ते विचारलं, आणि मग, "घरात कुणाला असे केस आहेत? तुमच्या आईला?" मी आठवायला लागले. तुझ्या हनुवटीवर डाव्या बाजूला एक केस होता. एकच, पण लांब. चिकूंच्या ढिगाकडे बघत काही विचार करायला लागलीस की तू तो दोन बोटांत धरून पिळायचीस. मी तसं सांगितलं. डॉक्टर बाई हसल्या, "एक तर मलाही आहे." मग लेकीकडे वळून त्या सरळ तिच्याशीच बोलल्या: पाळी वेळेवर आहे, बाकी तब्येत ठीक आहे, हा बहुतेक घराण्याचाच वारसा, चुकलं असं कोणाचं काही नाही. काढायचे तर काढ, नाही तर राहू दे. रेझरनेसुद्धा जाड होत नाहीत, ती समजूत आहे. मी लगेच विचारलं, "आणि पिठाने चोळलं तर?" त्या म्हणाल्या, "पिठाने चोळलं तर बाळ रडतं." आई, मला तिथल्या तिथे टाळी वाजवावीशी वाटली. तुला हे कोणी न सांगता कसं कळलं होतं?

पण गंमत पुढेच आहे. शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या ओठावर अजून खपलीचा डाग होता. येणारा-जाणारा विचारायचा, "काय लागलं गं?" ती सांगायची, "चीक लागला." मुलंही तेच विचारायची. मिशीचं नाव कोणी काढेना, आणि ती त्या डागासकट माइकपाशी जाऊन उभी राहिली. संध्याकाळी ओट्याशी पेपर आला तेव्हा मला कळलं. ऐकता ऐकता भाकरी करपली.

डाग गेल्यावर तिने आपणहून विचारलं, "मम्मी, मी काढून घेऊ? की तसं केलं तर मी हरले?" या प्रश्नावर मी दोन दिवस काढले. मग म्हटलं, "करून बघ. नाही आवडलं तर परत येतातच ते." बाजारात पडद्याआड एका खुर्चीचं पार्लर आहे, बाई गुजराती. तिने दोऱ्याचं टोक दातात धरलं, दोन्ही हातांत फास केला आणि "हलायचं नाय हां, बेटा" म्हणत ओठावर चालवला. लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, माझ्याही. "बस, थई गयुं!" म्हणून तिने आरसा दिला. लेक कितीतरी वेळ बघत होती. मी विचारलं, "कसं वाटतं?" म्हणाली, "गार." मी दुसऱ्या कुठल्या मोठ्या उत्तराची वाट बघत होते, पण तेवढंच आलं.

आता २०१९ चाललंय, ती बारावीला आहे. कधी वेळेवर जाऊन काढून येते, कधी महिना महिना विसरते आणि तशीच कॉलेजला जाते. मी नियम शोधत बसले, परीक्षा असली की नाही जात, लग्न असलं की जाते, पण तसंही काही नाही. मनाला येईल तसं. स्कार्फ फक्त रिक्षात बांधते. त्या पार्लरवालीकडे बसून बसून दोरा धरायलाही शिकली आणि हात साफ करायला गिऱ्हाईक म्हणून मलाच धरते.

मागच्या रविवारी अंगणात खुर्ची टाकून तिने माझ्या भुवया केल्या. सासूबाई शेजारी बसून, "माझ्या पण कर गे थोड्या," म्हणत होत्या, हेही तुला सांगायला हवं. तेवढ्यात लेक वाकली आणि म्हणाली, "मम्मी, हनुवटीवर एक आहे. केवढा लांब! काढू?" मी आरसा घेतला. डाव्या बाजूला होता, तुझा होता तिथेच. मला तो माहीत होता. हिशोब जुळत नसला, भाजी सुचत नसली की माझी दोन बोटं तिथे जातात, हेही मला माहीत होतं. मी म्हटलं, "नको." "का गं? एका सेकंदाचं काम आहे." मी म्हटलं, "दुखतं."

तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायची. हेही मलाच लिहून मलाच वाचायचं आहे, तेव्हा टपालपेटीत टाकायचा प्रश्न नाही. दुखतं म्हणून मी नको म्हटलं नव्हतं. लेक हसली, दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "बरं बाई, तुझा केस, तुझी मर्जी." माझा कुठला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.