काकवी करपली होती का?

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी मॅट्रिकला होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. मी रसायनशास्त्र घेतलं, त्यातही साखरेचं शिकले, आणि आता कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत पेठेतल्या गुळाचे नमुने तपासते. आज सकाळी एका नमुन्याला किंचित धुराचा वास होता. तपासणीत मी तेवढंच लिहिलं. पण त्या वासानं जे आठवलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्यातलं निम्मं तुमचं आहे.

कॉलेज संपल्यावर विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत माझी निवड झाली. जर्मनीतला एक मुलगा पुण्यात येऊन राहणार आणि त्याच्या बदल्यात मी तिकडे, ऱ्हाइन नदीजवळच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. हिवाळा संपेपर्यंत त्यांच्यातलं एक होऊन राहायचं आणि जवळच्या शहरात शिकायला जायचं, अशी योजना. निघताना आईनं चटणीचा डबा हातात दिला. "त्यांच्यात मिरची मिळती का गं?" मी नाही म्हटल्यावर ती थक्क झाली. "मग ती माणसं जेवत्यात तरी कशी?"

माणसं चांगली होती. तीच अडचण होती. घरातल्या बाईंनी मला उशीची खुर्ची दिली आणि सोनेरी कडेचा कप दिला. बाकी सगळे पत्र्याच्या मगांतून कॉफी पीत. मी ताटली उचलायला गेले की बाई ती माझ्या हातून काढून घेत आणि म्हणत, "तुम्ही पाहुण्या आहात." मी खोलीत आले की मुलं कुजबुजायला लागत. मी मुळात कमी बोलणारी, त्यात त्यांची भाषा मला पुस्तकापुरती येणारी. "हिच्या तोंडाला कुलूप हाय," असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. तिथं तर किल्लीही सापडेना. महिनाभर मी त्या घरात शोभेच्या फुलदाणीसारखी राहिले. शेवटी ठरवलं की रविवारी बाईंना सांगायचं, मला वसतिगृहात जागा शोधून द्या. मला घर नको होतं असं नाही. पण घरात राहून पाहुणी असणं मला जमत नव्हतं.

शनिवारी सकाळी परसात धूर दिसला. कपडे उकळायच्या मोठ्या तांब्याच्या भांड्यात बीटाचा रस चढवला होता. लाल नव्हे, साखरेचं पांढरं बीट. तिकडे शेतकरी घरच्या घरी त्या रसाचा दाट पाक करतात आणि हिवाळाभर पावाला लावून खातात. त्याचा गूळ नीट पडणार नाही हे मला अभ्यासातून माहीत होतं. पण भांड्यात डोकावले, तर ती सरळसरळ काकवी होती. वास मातकट, पण बुडबुडे आपलेच. वर मळी आली होती आणि बाई दुसरीकडे पाहत होत्या. मी त्यांच्या हातातला झारा घेतला आणि मळी काढायला लागले. त्यांनी माझा सराईत हात बघितला आणि झारा माझ्याकडंच राहू दिला. त्यांचे यजमान गुडघ्यांवर बसून जाळ घालत होते, जरा जास्तच.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा म्हातारा चालला होता. त्याची चाल मंदावली. या घराचं आणि त्याचं बोलणं नव्हतं. कुंपणावर अक्रोडाचं झाड होतं, त्याचे अक्रोड नेमके कुणाचे यावरून कित्येक वर्षं अबोला चालू होता. मला हे ठाऊक होतं. तरीही.

आबा, मला एकदम दिसलं: मी दहा वर्षांची आहे, आपलं गुऱ्हाळ चालू आहे, काहिलीत रस उकळतोय, आणि रस्त्यानं तो भावकीतला चाललाय, ज्याच्याशी आपला बांधावरून वाद आहे. मी तोंड फिरवते. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडता, "अगं ए, हाक मार की त्याला! भांडण बांधाचं हाय, काहिलीचं न्हाय!" आणि तो येतो, वाटीभर काकवी पितो, मिशा पुसतो आणि जाता जाता पुन्हा बांधाचं काढतो. तुम्ही म्हणता, "ते उद्या. आज गोड खाल्लंय."

तर मी वाटी उंच धरून ओरडले, "या की पावणं!" तेही मराठीत. म्हातारा थांबला, वाटीकडं बघितलं आणि फाटक उघडून आत आला. मी वाटी भरून दिली. त्यानं चाखलं, बराच वेळ तोंडात घोळवलं आणि म्हणाला, "करपलंय."

"इतक्या वर्षांनी तोंड उघडलंत ते हे सांगायला?" बाई म्हणाल्या.

"दर वर्षी करपतं. वास माझ्या घरापर्यंत येतो."

"मग खिडकी लावून घ्या!"

"लावतो. तरी येतो."

मग दोघेही माझ्याकडं वळले. "तुम्ही साखरेचं शिकलाय," बाई म्हणाल्या. "सांगा यांना, करपलंय का?" आबा, मला कुणी थेट प्रश्न विचारला की मी थेट उत्तर देते. एवढंच मला येतं. पण करपलंय म्हटलं तर बाई दुखावणार आणि नाही म्हटलं तर म्हातारा वाटी ठेवून फाटकाबाहेर. मी दोघांच्या हातात पावाचा एकेक तुकडा दिला, त्यावर पाक ओतला आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "भांडण झाडाचं आहे. भांड्याचं नाही. आधी खा."

यजमान चुलीपाशीच हसायला लागले. मग बाई. म्हातारा हसला नाही, पण त्यानं दुसरा तुकडा मागून घेतला.

झाडाचं भांडण मिटलं असं समजू नका. मी निघेपर्यंत ते चालूच होतं, फक्त आता तोंडानं. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी वसतिगृहाचं बोलायला स्वयंपाकघरात गेले तर माझ्या जागी पत्र्याचा मग होता आणि उशी मांजराखाली. बाईंनी पाठमोऱ्याच एक फडकं माझ्याकडं फेकलं. "उभी काय राहिलीस? भांडी पूस." त्यांच्या भाषेतही 'तुम्ही' आणि 'तू' वेगळे आहेत. मी पुसली. वसतिगृहाचं मग राहूनच गेलं.

बाई अजून नाताळला पत्र पाठवतात आणि दर वेळी शेवटी विचारतात, त्या दिवशी खरंच करपलं होतं का, आता तरी सांग. मी दर वेळी हवापाणी कळवते. तुम्ही असता तर मी घरात पाऊल टाकायच्या आत तुम्हीही तेच विचारलं असतं, आणि तुमच्यापुढं मला हवापाणी सांगून सुटता आलं नसतं. हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून लिहिते. व्हय, आबा. करपली होती.