बहिणीच्या वाढदिवसाचं अभिनंदन

याकोमिना,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. आज तुझा वाढदिवस, म्हणून लिफ्टमध्ये शेजारीण, घरच्यांचंही अभिनंदन करायच्या आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, मला म्हणाली, "मरीनस, बहिणीच्या वाढदिवसाचं अभिनंदन हं." आपण बोलत नाही, हे तिला ठाऊक आहे. मीही रीतीप्रमाणे आभार मानले.

चिखलातल्या किड्यांचं संशोधन सोडून तू मंत्री झालीस आणि बाबांच्या शेताचा समुद्राकडचा बांध फोडून समुद्र आत घेतलास. झेलंडच्या खाडीच्या भल्यासाठी, म्हणालीस. असेलही. आता मुलांसाठी पुस्तक लिहिलंयस. त्यात आपल्या बुडालेल्या स्वयंपाकघरात एक खेकडा राहतो. खिडकी तू पश्चिमेला दाखवलीस. ती पूर्वेला होती.

माझी नात नेल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला लावते. खेकडा विचारतो, इथली माणसं कुठे गेली? सील सांगतो, उंच घरात गेली, तिथून त्यांना समुद्र दिसतो.

"आजोबा, तुम्हाला दिसतो?"

आमच्या खिडकीसमोर सुपरमार्केटचं पार्किंग आहे. मी म्हटलं, "हवा स्वच्छ असली की दिसतो."

तेव्हापासून ती आली की आधी खिडकीशी जाते. आज हवा अगदी स्वच्छ आहे, आणि ती जिना चढून येते आहे.

तुझ्या वतीनं अभिनंदन स्वीकारणारा,
मरीनस