मिठाची पांढरी वीट

नॉर्थ डकोटा, १२ डिसेंबर

ती. रग्नाताईस सा. न. वि. वि.

थंडीने दाढी गोठते, बाकी क्षेम. गेल्या वसंतात सात वासरं जन्मल्यावर उठलीच नाहीत, हे तू जाणतेसच. यंदाही तसंच झालं तर कळप विकायचा, असं मी ठरवलंय. सिग्ने मात्र ऐकत नाही. लेकीचं म्हणणं, विहिरीच्या पाण्यातल्या गंधकापायी गाभण गायींच्या अंगी तांबं लागत नाही. वासरू ते पोटात असतानाच साठवतं, नंतर दुधातून पुरेसं मिळत नाही. म्हणून तांबं, जस्त, सेलेनियमची भुकटी टबात ठेवलीय. गायी हुंगतात आणि चालू लागतात! मला कीव आली, शेजारी नेहमीची मिठाची वीट ठेवली. तिच्यावर कशा तुटून पडल्यात! आता बोल.

तुझा हाल्वर

बिस्मार्क, २० डिसेंबर

चि. हाल्वर यास अनेक आशीर्वाद.

बोलते, ऐक. अरे शहाण्या, त्या भुकटीत मीठ असतंच, त्याच्याच ओढीने गायी ती चाटतात. शेजारी नुसतं मीठ मिळाल्यावर तिकडे कशाला बघतील? हीच चूक तुझ्या मेहुण्यांनीही केली होती. वीट उचल, पोरीला कळायच्या आत, म्हणजे अब्रू राहील. नाताळच्या लेफ्से पोळ्या पाठवतेय. सिग्नेला दोन जास्त दे.

तुझी ताई

नॉर्थ डकोटा, २ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस. तुझं पत्र मिळताच वीट उचलायला गेलो, तर ती जागेवर नव्हतीच! गोठ्यात फडक्यात गुंडाळलेली सापडली. सिग्नेने आधीच हलवली होती, पण जेवताना मला एका अवाक्षरानेही बोलली नव्हती. एवढा समजूतदारपणा तिने कुणाचा घेतला, देव जाणे. माझा तर नाही.

मार्चच्या बर्फात एक पहिलारू व्याली. मी गेल्या वर्षीच्या धास्तीने दुधाची बाटली घेऊन धावलो. पोचलो तर वासरू उठून आईला ढुशा देत होतं. ताई, मी रडलो. पुढे एक वासरू आडवं येऊन गेलं, बाकी सगळी उठली.

काल वासरांना मालकीच्या खुणेचे डाग दिले. डागायची सळई घरच्या मालकानेच धरायची, ही बाबांपासूनची रीत. मी ती विस्तवातून काढली आणि शेजाऱ्यांदेखत सिग्नेच्या हाती दिली. म्हटलं, कळप तुझा. तिचे डोळे भरले. मग म्हणाली, बाबा, यापुढे टबाजवळ काही ठेवायचं असेल तर आधी मला विचारा. विचारीन म्हणालो.

लोभ असू दे, भावावर थोडा कमी चालेल, भाचीवर जास्त.

तुझा हाल्वर