डोकऱ्याची वेगळी ओळ

माय, आज इथल्या बंदरावरच्या माशांची यादी पुरी झाली. लिलावाच्या ओट्यावर सकाळपासून टोपल्या उपसत होतो. शेवटच्या टोपलीतले बोटाएवढे मासे एका सहकाऱ्यानं पिल्लं म्हणून बाजूला टाकले. मी एकाचं पोट चिरायला लावलं. आत अंड्यांची गाभोळी निघाली आणि यादीत एक जात वाढली. "सर, हे कुठं शिकलात?" त्यानं विचारलं, तेव्हा मला आपल्या गोदावरीचा, तुझ्या गंगेचा घाट आठवला.

तेव्हा निजामाचं राज्य. नदीतल्या माशांच्या जाती लिहून घ्यायला हैदराबादेहून साहेब आले होते. शाळेत शिकलेल्या उर्दूच्या जोरावर मी त्यांचा मुन्शी झालो होतो, तोही हंगामी. साहेब खूश झाले तर नोकरी पक्की. मिरगाआधीचे दिवस, गंगा डोहाडोहांत उरलेली. तू घाटावर विळी मांडून बसली आहेस, पालमच्या बाजारासाठी मासे साफ करते आहेस. साहेब तुझ्या पाटीशी थांबतात, काठीनं बारके मासे ढकलतात. "ये तो मरळ के बच्चे हैं. लिखो, मुन्शी." मी लिहितो. मनात एवढंच, की तू मान वर करू नयेस. तू करतेस.

"सायेब, ही मरळीची पिल्लं न्हाईत. ह्यो डोकऱ्या हाय. जन्मभर येवढाच ऱ्हातो."

मी साहेबांना उर्दूत सांगितलं, आणि वर जोडलं की बाई अनपढ आहे. बाजारात जन्म गेलेला तुझा. 'अनपढ' एवढा उर्दू शब्द तुला कळला. तू एक मासा उचललास, विळीवर पोट उघडलंस आणि पिवळी गाभोळी साहेबांच्या बुटांपुढं ठेवलीस. "लेकराच्या पोटात लेकरं असत्यात का, इचारा की मुन्शीजी."

मुन्शीजी. पोटच्या पोराला. साहेबांना आपलं नातं ठाऊक नव्हतं, आणि तू ते कळू दिलं नाहीस.

साहेब उकिडवे बसले. आणखी दोन मासे चिरायला लावले, दोन्हींत तेच. "अम्मा, तुम तो हमारे उस्ताद निकले," म्हणाले. माझ्या हातून वही घेऊन त्यांनी माझी ओळ खोडली आणि डोकऱ्याला वेगळी ओळ दिली. घाटावरच्या बायांना तर नातं ठाऊकच होतं. "मुन्शीजी, आता आमच्याकडं साळंला या," एकजण म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. तू पाटी डोक्यावर घेऊन निघालीस, मान ताठ, पाणी खांद्यावर ठिबकतंय. ती यादी वर गेली, साहेबांचं नाव झालं, माझी नोकरी पक्की झाली. मी सांगायला आलो तर चुलीपुढून तू म्हणालीस, "वही तुजी, मासे माजे."

आज त्या सहकाऱ्याला मी सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्या आईनं शिकवलं. ती मासे विकायची." ओट्यावरच्या कोळणी वळून बघायला लागल्या. लय बरं वाटलं, माय.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. ती इथं लिहितो आणि कागद यादीच्या वहीतच ठेवतो. साहेबांनी लिहायला सांगितलं, त्याच्या आधीच मी पाटीतला डोकऱ्या ओळखला होता.